छत्रीला घातलेला चीक

इंदापूर तालुक्यात रानातलं मीठ काढता काढता लोकांची हयात जाते. उसाला पाणी पाजून पाजून जमीन खारावते, मग चर खणा, जिप्सम टाका, कृषी खात्याच्या साहेबाला चहा पाजा. आणि अशा मुलखात मी घरोघरी जाऊन सांगते की चांगलं गाळलेलं गोड पाणी घ्या आणि त्यात मोजून मीठ कालवा. अजून कुणी मला काठी घेऊन मारायला धावलं नाही, ही अल्लाची मेहेरबानी.

बारामतीत आमचं रंगीत माशांचं दुकान. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. मी, शमीमभाभी, फक्त खाऱ्या टाक्या बघते. खारी टाकी म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेला वावभर समुद्र. त्यात दोन-चार मासे असतात, पण खरा थाट पोवळ्यांचा. आता पोवळं म्हटलं की आपल्याकडं लोक बोट पुढं करतात. पहिल्या गिऱ्हाइकानं तर मला विचारलं होतं, "भाभी, मंगळासाठी कुठल्या बोटात घालू?" म्हटलं, बाबा, हे अंगठीतलं नव्हे, हे जितं हाय. मऊ पोवळं. ह्याला हाडूक नसतं. हात लावला तर ओल्या चामड्यासारखं लागतं, आणि अंगभर बारीक बारीक बोटं फुटलेली असतात, त्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एक तोंड.

तोंड आहे म्हटल्यावर महाराष्ट्रातला माणूस पुढचा प्रश्न काय विचारणार? "खातं काय?"

माझा अख्खा धंदा ह्या एका प्रश्नावर चालला आहे. उत्तर सोपं, पण कुणाच्या गळी उतरत नाही. मऊ पोवळं फार खात नाही. आठवड्यातून दोनदा, पाण्यातला पंखा दहा मिनिटं बंद करायचा, लांब नळीच्या पिचकारीनं डोळ्यालाही न दिसणारं बारीक खाद्य त्याच्या अंगावर अलगद सोडायचं, आणि हात काढून घ्यायचा. झालं जेवण. जास्त घातलं तर ते कुजतं, पाणी नासतं, आणि मरायला खाणारा आणि घालणारा दोघंही मोकळे.

मी सातवी शिकलेली बाई. हे सगळं मोबाइलवरचे इंग्रजी व्हिडिओ आवाज बंद करून बघत शिकले. आवाज चालू ठेवला तर ती माणसं काय बोलतात तिकडंच लक्ष जायचं आणि कळायचं काही नाही. बंद केला की हात दिसायचे. हात काय करतात एवढं बघायचं. पहिली सहा पोवळी मी मारली. सातवं जगलं, तेव्हा दुकानात पेढे वाटले होते.

गिऱ्हाइकं एकेक नग. बारामतीतल्या एका शाकाहारी घरातल्या सासूबाईंनी गोठवलेल्या कोळंबीची पुडी फ्रिजमध्ये साबुदाण्याच्या शेजारी बघितली आणि पुडीसकट मला दारात उभं केलं. मी त्यांना शेवाळाचं हिरवं पाणी बाटलीत वाढवायला शिकवलं. आता त्या पाहुण्यांना सांगतात, "आमचं पोवळं अंडंसुद्धा खात नाही." काटेवाडीच्या एका बागायतदारानं विचारलं, "भाभी, हे झाड का जनावर?" मी गंमतीत म्हणाले, "दोन्ही." गड्यानं ड्रिपमधून सोडायचं खत टोपणभर टाकीत ओतलं. पंधरा दिवसांनी गेले तर आत असं हिरवंगार रान माजलेलं की शेळी सोडावी.

पण चीक कुणी घातला नव्हता. तो मान कळसच्या तात्यांचा.

कळसला तात्यांचं उसाचं रान, आठ गाई, आणि जेवणघराच्या भिंतीला लागून तीनशे लिटरची खारी टाकी. टाकी त्यांच्या सुनेची, वैशालीची. वैशाली कोकणातली, समुद्राकाठी वाढलेली. लग्न होऊन कळसला आली तेव्हा महिनाभरात वाळली. मग तिच्या नवऱ्यानं, विकासनं, माझ्याकडून टाकी बसवून घेतली. त्यात मी नखाएवढा एक तुकडा लावून दिला होता. वैशालीनं तो पाच वर्षं जपला आणि जेवणाच्या ताटाएवढा केला. खाली देठ, वर पसरट टोपी, टोपीवर बाजरीला फुलोरा यावा तशी बोटं. घरात सगळे त्याला 'छत्री' म्हणायचे. ती छत्री, बाईमाणूस.

गेल्या वर्षी वैशालीला दिवस गेले. डोहाळजेवण झालं, ती माहेरी निघाली. गाडीत बसायच्या आधी तिनं पिचकारी तात्यांच्या हातात दिली. मी तिथंच होते.

"सोमवारी आन गुरुवारी, आठ थेंब. बाकी हात लावू नका."

"आगं आठ गाई सांभाळतो म्या," तात्या म्हणाले. "तू येशील तवा ही अशीच दिसंल. शबूद दिला."

तात्यांचा शब्द म्हणजे गावात कागद. तोंडातून गेला की गेला.

आता माझी चूक सांगते, कारण ती आधी येते. त्या दिवशी तात्यांना शिकवायचं म्हणून मी झकास खेळ करून दाखवला. पंखा बंद केला, पिचकारी दाबली, आणि छत्रीची बोटं थरथरली. मी म्हणाले, "बघा तात्या, कशी खातीय!" गिऱ्हाइकाला मजा वाटते म्हणून मी हे नेहमीच करायचे. पण छत्रीचं खरं पोट भरतं ते वरच्या दिव्यावर, हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, मी सांगितलंच नाही. दिव्यावर पोट भरतं म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो, आणि मला लोकांचा पडलेला चेहरा बघवत नाही.

तर तात्यांच्या डोक्यात बसलं: ही खाते. आणि हिला आठवड्यातून फक्त दोनदा मिळतं.

त्या घरात रीत अशी की जनावरांच्या पुढ्यात वैरण पडल्याशिवाय माणसाच्या ताटात भाकरी पडत नाही. तात्यांचं पान मात्र रोज टाकीसमोर. ते घास मोडणार, आणि समोर शेकडो बोटं वर करून छत्री बघत बसलेली. आक्का, म्हणजे तात्यांच्या मंडळी, मला नंतर म्हणाल्या, "भाभी, ह्ये घास तोंडाशी न्यायचे आन परत ठिवायचे. मला वाटलं मीठ जास्त झालं." तरी तात्यांनी महिना काढला. शब्द दिलेला. आठ थेंब म्हणजे आठ.

मग गाय व्याली.

चिकाचं आपल्याकडं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या धारेचा चीक घरात एकट्यानं खात नाहीत. शेजारीपाजारी, भावकीत, ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे त्यांच्याकडंसुद्धा फुलपात्रभर जातो. त्या सकाळी तात्यांनी अकरा घरी चीक पोचवला. परत आले, आणि समोर छत्री. घरातलीच, आणि तिला नाही.

मला फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते.

"भाभी," तात्यांचा आवाज, एकदम बारीक. "समुदर उतू चाललाय."

"काय चाललाय?"

"उतू. दूध जातंय तसा. फरशीवर आलाय. आक्का चूल बंद करा म्हंती, पर चूल कुठाय?"

खाऱ्या टाकीला एक यंत्र असतं, पाण्यातली घाण फेस करून वर काढणारं. फुलपात्रभर चीक आत गेल्यावर त्या यंत्रानं इमानदारीनं काम केलं. चिकाचं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात ना, छत्रीनं घरभर फेस भरून दिला.

मी विचारलं, "तात्या, आत काय घातलं?"

"आदी ह्ये थांबवू कसं ते सांगा."

"तात्या?"

"वाईच चीक."

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं. "यंत्र बंद करू नका. खाली बादली लावा. माशांच्या हवेचा पंप आहे ना, तो चालू करा. मी येते."

दुकानात मी नेहमी दोन पिंप खारं पाणी कालवून तयार ठेवते. मीठ ऐन वेळी कालवून चालत नाही, ते मुरावं लागतं, लोणच्यासारखं. पिंपं टेम्पोत घातली आणि तासाभरात कळस गाठलं. टाकी म्हणजे ताकाचा डेरा झालेली. आतलं काही दिसेना. दोन केशरी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तात्या फेसात उभे, धोतर गुडघ्यापर्यंत, हातात बादली.

"जिती हाय का?"

"पाणी काढल्याशिवाय काय सांगू?"

अर्धी टाकी उपसली, माझं पाणी घातलं. पण ते पुरणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी अजून अर्धी बदलायची तर गाळलेलं पाणी हवं, आणि ते फक्त गावातल्या फिल्टरच्या मशीनवर. आक्का म्हणाल्या, "डेअरीचे क्यान हायती की, ऊन पाण्यानं धुतल्यात."

"आक्का, हात जोडते. आता ह्या टाकीला दुधाचं नावसुद्धा ऐकवू नका."

मग जार गोळा केले. विकास मोटारसायकलवर, तात्या सायकलवर, आणि मी मशीनसमोर रांगेत, दहा रिकामे जार घेऊन. मागं उभा एक म्हातारा कंटाळून म्हणाला, "लगीन हाय का बये?"

"नाही हो बाबा. पोवळं आजारी हाय."

"पोवळ्याला फिल्टरचं! आन आमी बोअरचं पिऊन सत्तरी गाठली."

असं म्हणून त्यानं स्वतःचा भरलेला जार माझ्याकडं सरकवला. "घ्या. माजं काय, म्या उद्या भरीन." त्याच्या मागच्या दोन बायकांनीही सरकवले. आमच्या भागातल्या माणसांचं हे असं. आधी टोमणा, मग पाणी.

दोन दिवसांत पाणी निवळलं. मासे वाचले. छत्री मात्र मिटलेली. एक बोट बाहेर नाही. टोपी आकसून मुठीएवढी झालेली, आणि वर मेणासारखा मळकट थर.

तात्या म्हणाले, "खरं सांगा."

खरं मलाही माहीत नव्हतं. मऊ पोवळ्याची एक खोड आहे: त्याला कात टाकायची असते तेव्हाही ते असंच मिटतं, मेणचट होतं, आठ-पंधरा दिवस मेल्यासारखं पडून राहतं. आणि मरताना? मरतानाही पहिले काही दिवस असंच दिसतं. ओळखायची एकच परीक्षा, वास. मी हात आत घातला, टोपीवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. कुजका वास नव्हता.

"जितीय. आज तरी."

तात्यांनी माझा हात धरून स्वतःच्या नाकाशी नेला. "मला कसा वास यतोय?"

"समुद्राचा."

"मंग बरा हाय का वाईट, मला काय ठाव? म्या तिकडं एकदाच गेलो, लेकाच्या साखरपुड्याला. तवा नाकात अत्तर हुतं."

त्या दिवशी मी त्यांना बसवलं आणि जे आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. "तात्या, तुमचा ऊस साखर कशावर करतो?"

"उन्हावर."

"छत्रीच्या कातडीत असाच बारका ऊस लावलेला असतो. डोळ्याला दिसत नाही. वरचा दिवा म्हणजे त्याचं ऊन. तो ऊस साखर करतो आणि छत्री बसल्या जागी खाते. आठ थेंब म्हणजे नुसतं तोंडी लावणं."

तात्यांनी मान वर करून दिवा बघितला. मग म्हणाले, "म्हंजे ती उपाशी नव्हती?"

"एक दिवससुद्धा नाही."

"मंग बोटं वर करून काय मागत हुती?"

"काही मागत नव्हती. फुलली होती."

हे ऐकून माणूस जो खचला! जेवायचं पान गोठ्यात हलवलं. चहात दूध बंद. आक्कांनी विचारलं, "तिला दूध मानवलं न्हाय, म्हून तुमी काळा च्या पिताय व्हय?"

तिकडं वैशालीला मुलगी झाली. घरात आनंदी आनंद, आणि त्याच्यामागोमाग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "तात्या, बाळ बघा. आन मला छत्री दावा."

पहिल्या दिवशी तात्यांनी टाकीवर टॉवेल टाकला. "निजलीय." दुसऱ्या दिवशी आक्कांनी मोबाइल हिसकून गोठ्यात नेला. "आगं, वासरू बघ किती ग्वाड हाय!" तिसऱ्या दिवशी पुन्हा वासरू. चौथ्या दिवशी वैशाली म्हणाली, "आत्या, त्या वासराच्या अंगावरचे ठिपके पाठ झाले मला." तरी तिनं खोदून विचारलं नाही. आणि तात्या मला फोन करायचे, दिवसातून तीनदा. "भाभी, आता वास बगायला कवा येताय?" मी एक दिवसाआड जायचे, अंगठा फिरवायचे, हुंगायचे. कात टाकत असती तर एव्हाना टाकायला हवी होती. पंधरा दिवस झाले, वीस झाले. कधी कधी मला वाटायचं, थोडा वास येतोय. मग दुसरा हात हुंगायचा, तर तो कांद्याचा.

बारसं इकडं कळसलाच करायचं ठरलं होतं. त्याच्या तीन दिवस आधी वैशाली बाळ घेऊन आली. आक्का दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या, शेजारच्या बायका गोळा झालेल्या, मीही त्यांच्यात. आक्कांनी हात वर केला, तेवढ्यात तात्या मध्ये आले.

"थांब. आदी ऐक. म्या चीक घातला."

कुणाला काही कळेना. एक बाई म्हणाली, "कुणाला, बाळाला? पोचायच्या आत?"

"छत्रीला. शबूद दिल्याला मोडला म्या. मिटलीय ती. जितीय म्हंती भाभी, पर म्या सांगत न्हाय जितीय म्हून. जे हाय ते आत हाय."

वैशाली भाकरतुकडा ओवाळून घेतल्यावर आत आली. चप्पल काढली. टाकीसमोर उभी राहून मिटलेल्या गोळ्याकडं बघितलं. मग वळली आणि बाळ तात्यांच्या हातात दिलं.

"धरा. मी हात धुऊन येते."

तात्यांनी बाळ असं धरलं की जणू कुणी पेटता दिवा दिलाय. "मला? आगं माज्याकडं?"

"मग कुणाकडं देऊ? डोकं धरा, डोकं!"

हात धुऊन आली, बाही वर केली, आत हात घातला, अंगठा फिरवला, हुंगला. समुद्राकाठची पोर. मी तीन आठवडे हुंगत होते ते तिला एका श्वासात कळलं. मला म्हणाली, "भाभी, पंखा जरा तिच्या तोंडावर वळवा. कात अडकलीय. वारा लागंना तिला."

माझी इतकी वर्षांची कारागिरी, आणि एवढं सुचलं नव्हतं. छत्रीला धक्का लागू नये म्हणून मीच पंखा दुसरीकडं वळवून ठेवला होता! जपायच्या नादात मीही तात्याच झाले होते.

बारशाच्या दिवशी घर भरलेलं. पाळणा फुलांनी मढवलेला, घुगऱ्यांचं पातेलं मधोमध. वैशालीची नणंद बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली, बायका तिच्या पाठीवर थापट्या द्यायला तयार. मी टाकीशेजारी, सवयीनं. आणि मला दिसलं. टोपीच्या कडेला मेणाचा थर सुटलेला, पाण्यात फडफडतोय, ओल्या पतंगासारखा.

मी ओरडले. बारशात ओरडू नये, पण ओरडले. "तात्या! सुटली!"

नणंद तशीच वाकलेली, नाव तोंडात. सगळ्या बायका पाळणा सोडून टाकीकडं. अख्खा थर एकदम उचलला गेला, गिरकी घेत वर आला आणि यंत्राच्या तोंडाशी अडकला. खाली छत्री, गुलाबी, कोरी, न्हाऊ घातल्यासारखी. आम्ही बघता बघता कडेला एक बोट वर आलं. मग शेजारचं. मग चार.

"आय्यो, हिचंबी बारसं!" कुणीतरी म्हणालं. पाळण्यातलं बाळ एकटं पडून आढ्याकडं बघत होतं. नणंद चिडली, "आगं मी नाव सांगू का नगं?" ते नाव शेवटी कुणाला ऐकूच आलं नाही. पुन्हा सांगावं लागलं.

तात्या गर्दी सारत पुढं आले. वाकून बघितलं. पंचवीस दिवसांत त्यांचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता.

"आता हिला काय घालू?"

"न्हाय!" आम्ही सगळ्या एकदम. आक्का सगळ्यात मोठ्यानं. एका म्हातारीनं घुगऱ्यांची मूठ टाकीकडं नेली होती, ती तिनं दचकून स्वतःच्याच तोंडात टाकली.

हसणं थांबल्यावर वैशाली बाळाला खांद्यावर घेऊन आली. पिचकारी तिनं भिंतीवरच्या खिळ्यावरून काढली आणि तात्यांसमोर धरली.

"सोमवारपासून. तुमीच."

तात्या मागं सरकले. "नगं. माजा भरवसा न्हाय."

"मला हिचंच उरकत न्हाय," तिनं बाळाला थोपटलं. "सोमवार आन गुरुवार तुमचे."

तात्यांनी पिचकारी घेतली, खिशात ठेवली, पुन्हा काढून बघितली. मग मला बाजूला घेऊन गेले, कानात सांगावं तसं म्हणाले, "भाभी, पेन हाय का? हितं लिवा. आठ थेंब." उजवा तळहात पुढं केला.

"डाव्यावर लिहिते की."

"न्हाय. घालायचा हात त्योच हाय."

मी लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, आठाचा आकडाही काढला. बारसं शनिवारी होतं. त्या पंगतीत पुरणपोळी, आमटी, भात, सगळं होतं, आणि सत्तर वर्षं हातानं जेवलेले कळसचे तात्या मूठ मिटून, डाव्या हातात चमचा धरून जेवले.